पाठवायला काय जातं?



परवा मंडळाच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा आला: गरम नारळपाणी प्या, कॅन्सर मरतो. खाली मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांचं नाव. आपल्या यवतमाळकडची माणसं उपचाराला टाटाला जातात, म्हणून ते नाव दिसलं की विश्वास बसतोच. पण रुग्णालयाने २०१९ मध्येच जाहीर खुलासा केला होता, डॉक्टरांनी असं काहीही सांगितलेलं नाही.

मला मेसेजपेक्षा राग येतो तो "पाठवायला काय जातं?" या वाक्याचा. जातं ना! माझ्या जाऊबाईंनी छातीतल्या गाठीवर असाच एक काढा तीन महिने घेतला. ते तीन महिने कोण परत देणार?

पाणी आपण गाळल्याशिवाय पीत नाही, मग मेसेज का? ज्या संस्थेचं नाव आहे, तिच्याच वेबसाइटवर मी आधी बघते. तारीख बघते. आणि "गोळ्या बंद करा" असं लिहिलेलं असेल, तर पुढे वाचतच नाही, डॉक्टरांना विचारते.

त्या दिवशी खुलाशाची बातमी ग्रुपवर टाकली. चौघींनी हात जोडले. पाचवीने विचारलं, "मग कोमट चालेल का?"