टाकी भरत नाही, याचा अभिमान कशाचा?



जिल्ह्यात बैठकीच्या निमित्ताने कोणत्याही गावी मुक्काम पडला की यजमान नवे घर दाखवतात. घर दाखवून झाले की अंगणातल्या स्लॅबवर पाय आपटून सांगतात, "संडासची टाकी दहा बाय आठची आहे. आठ फूट खोल. पंधरा वर्षे झाली, अजून भरली नाही!" ऐकणारे माना डोलावतात. आम्हीही डोलावत होतो. आता आम्ही जमिनीवर काडीने हिशेब मांडतो.

ही टाकी 640 घनफुटांची, म्हणजे सुमारे 18 हजार लिटरची. घरात सहा माणसे. माणशी रोज 10 लिटर पाणी धरले तर दिवसाला 60 लिटर. टाकी दहा महिन्यांत तोंडाशी यायला हवी. पंधरा वर्षांत सव्वातीन लाख लिटर पाणी त्या टाकीत पडले. ते गेले कुठे? स्लॅबखालून उन्हाने तर उडाले नाही!

ते जमिनीत गेले. गवंड्याने "जिरत राहील" म्हणून तळ मोकळा सोडला, किंवा भिंतीला तडा गेला. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात वर वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली भेगाळलेला काळा दगड. मातीतून पाणी हळू झिरपले तर काही प्रमाणात गाळले जाते. दगडाच्या भेगेतून ते जसेच्या तसे धावते. बोअरला केसिंग असते ते फक्त वरच्या भुसभुशीत थरापुरते, खाली दगड उघडाच. टाकीतून निघालेले पाणी भेगेत शिरते आणि त्याच भेगेतून बोअरमध्ये येते. मोटार सुरू केली की तेच आपल्या माठात पडते.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आम्ही कृषीची पदवी घेतली, मातीच्या परीक्षा दिल्या, आणि स्वतःचे घर बांधताना टाकी बोअरपासून 25 फुटांवर घेतली, तीही तळ मोकळा ठेवून. पावसाळा आला की घरातल्या लहान पोराला जुलाब लागायचे. आम्ही दोष देत होतो टँकरच्या पाण्याला. शेवटी जीवाणू तपासण्याच्या छोट्या बाटलीत बोअरचे पाणी भरून ठेवले. दोन दिवसांत बाटली काळी पडली. दुसऱ्याच्या शेतातली माती तपासून सल्ला देणाऱ्याला आपल्या अंगणातली माती कळली नव्हती.

टाकीचे काम काय, ते एकदा नीट समजून घेऊ. सेप्टिक टाकी म्हणजे मैला गडप करणारी विहीर नव्हे. तिच्यात जड गाळ खाली बसतो, हलकी साय वर तरंगते आणि मधले पाणी पुढच्या पाइपाने बाहेर पडते. जीवाणू गाळ कुजवतात, पण सगळा कुजवत नाहीत. माणशी वर्षाला सुमारे 40 लिटर गाळ उरतोच. म्हणून दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो. बाहेर पडणारे पाणीही शुद्ध नसते. ते शोषखड्ड्यात जिरवावे लागते, आणि तो खड्डा विहीर-बोअरपासून किमान 18 मीटर, म्हणजे 60 फूट दूर हवा. पाच माणसांच्या घराला पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि सव्वातीन फूट पाणी राहील एवढी टाकी पुरते. मग आपण दहा बाय आठची कशासाठी बांधतो?

उत्तर कडू आहे. ती उपसावी लागू नये म्हणून बांधतो. मैल्याकडे आपल्याला बघायचे नाही. आपल्या हयातीत भरणार नाही एवढा खड्डा करायचा, वर स्लॅब टाकून मोकळे व्हायचे, आणि भरलाच तर ठराविक वस्तीतल्या माणसाला बोलवायचे. त्याने खाली उतरायचे, आपण नाकाला रुमाल लावून कडेला उभे राहायचे. घामाचे मोल मागणारे आपण. त्या माणसाच्या जिवाचे मोल काय लावतो?

मे 2023 मध्ये आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजूर मेले. बंद टाकीत विषारी वायू साठतो आणि प्राणवायू नसतो. उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही कोसळतो. मैला हाताने उचलायला लावण्याविरुद्ध कायदा 1993 साली झाला, 2013 साली त्याहून कडक झाला. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, 2023 साली ती तीस लाख केली. कायदा घरमालकालाही लागू आहे. पण कायद्याच्या भीतीने नव्हे, माणुसकी म्हणून हे थांबले पाहिजे.

आता सरकारचा हिशेब. 2014 साली स्वच्छ भारत मोहीम आली. घरामागे बारा हजार रुपये ठरले. भांडे, भिंती, दार उभे राहिले, लाभार्थ्याचा फोटो निघाला आणि एप्रिल 2018 मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. जमिनीवरचे मोजले, जमिनीखालचे मोजले नाही. खड्डा एक की दोन, तळ कसा, बोअर किती दूर, काळ्या भुईत पाणी जिरणार कसे, हे कोणी विचारले? 2020 साली मोहिमेचा दुसरा टप्पा आला, त्यात मैलागाळाच्या व्यवस्थेचा विषय आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला. त्या पैशातून आपल्या गावात किती टाक्या उपसल्या गेल्या, हे ग्रामसभेत विचारा.

होत नाही असे नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपालिकेने 2018 पासून घरोघरच्या टाक्या तीन वर्षांच्या पाळीने गाडीने उपसायची पद्धत सुरू केली. कृष्णाकाठी जमते ते मांजरा-सिंदफणेच्या काठी का जमू नये?

सरकार जागे होईपर्यंत आपल्या हातचे काय?

नवे घर बांधणाऱ्याने टाकीच्या नादी न लागता दोन खड्ड्यांचा संडास बांधावा. मीटरभर रुंद, मीटरभर खोल असे दोन शोषखड्डे. एक भरला की दुसरा सुरू करायचा. पहिला दोन वर्षे बंद ठेवला की त्यात कोरडे, बिनवासाचे खत उरते. ते फावड्याने काढून झाडांच्या आळ्यात घालावे. जास्त उताराच्या ग्रामीण भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. टँकरची वाट बघणाऱ्या गावाला याहून सोयीचे काय आहे? काळी भुई ओली झाली की फुगते, तिची छिद्रे मिटतात, म्हणून तिथे खड्ड्याभोवती फूटभर जाडीचा वाळूचा थर द्यावा. आधी जमीन तपासावी: फूटभर खड्डा रात्रभर भिजवा, सकाळी पुन्हा पाणी भरा. इंचभर पाणी जिरायला तासापेक्षा जास्त लागला तर तिथे शोषखड्डा चालणार नाही.

ज्यांची टाकी आहे त्यांनी स्लॅबला झाकण ठेवावे, वायू जायला उंच पाइप लावावा, टाकीवरून ट्रॅक्टर नेऊ नये, ॲसिड ओतू नये. नालीत सोडलेला पाइप बंद करून शोषखड्ड्याला जोडावा. गाळ अर्ध्यावर आला की यंत्रानेच उपसावा. उपसलेला ओला मैला ओढ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात टाकू देऊ नका, त्यात जंतांची अंडी जिवंत असतात. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी परत आल्यावर आधी भांड्यात दोन बादल्या पाणी ओतावे. सहा महिन्यांत भांड्याखालच्या वाकड्या पाइपातले पाणी सुकते आणि टाकीचा वायू घरात येतो.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन ठराव ठेवत आहोत:

1. अकराही तालुक्यांत मैला उपसणारी गाडी आणि गाळावर प्रक्रिया करणारी जागा हवी. उपशाचा दर ग्रामसभेपुढे ठरावा.

2. संडासच्या अनुदानाची तपासणी खड्डे उघडून व्हावी, फोटोवर नव्हे. एका खड्ड्याच्या घरांना दुसऱ्या खड्ड्याचे पैसे मिळावेत.

3. आपल्यापैकी कोणीही, कितीही अडचण असली तरी, माणसाला टाकीत उतरवणार नाही.

पहिले दोन ठराव सरकारकडे जातील आणि आपल्याला भांडावे लागेल. तिसऱ्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी स्वच्छ बाटलीत आणावे, बाटलीवर गावाचे नाव आणि टाकीपासूनचे अंतर लिहावे. तपासणी सर्वांसमोर होईल. पहिली बाटली आमच्या घरची असेल.