बाहुलीची साक्ष

लहान मुलांच्या खेळण्यांत आणि कार्टूनमध्ये कसले आले आहे राजकारण, असे चळवळीतले कार्यकर्तेही आम्हाला विचारतात. त्यांना आम्ही एका खटल्याची आठवण करून देतो. त्या खटल्यात बाहुल्यांची साक्ष झाली होती.

केनेथ आणि मेमी क्लार्क हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्य. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट या दोघांनी मिळवली. 1940 च्या दशकात त्यांनी तीन ते सात वर्षांच्या 253 कृष्णवर्णीय मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या सारख्याच होत्या, फरक फक्त रंगाचा. छान बाहुली कोणती? वाईट दिसणारी कोणती? आणि शेवटी, तुझ्यासारखी कोणती? बहुसंख्य मुलांनी गोरी बाहुली छान आणि काळी वाईट ठरवली. शेवटच्या प्रश्नाला काही मुले रडू लागली, काही खोलीबाहेर पळाली!

1951 साली साउथ कॅरोलिनातील शाळांच्या खटल्यासाठी क्लार्क यांनी 16 मुलांना हेच प्रश्न विचारले. 11 मुलांनी काळी बाहुली वाईट म्हटली. पुढे 17 मे 1954 रोजी ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी एकमताने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकालाच्या अकराव्या तळटीपेत क्लार्क यांच्या संशोधनाचा उल्लेख आहे.

पण प्रतिपक्षाचे वकील जॉन डेव्हिस यांनी एक बोचरा मुद्दा मांडला होता. उत्तरेत जिथे शाळा वेगळ्या नव्हत्या, तिथल्या मुलांनीही गोरीच बाहुली निवडली होती. आम्ही वकील म्हणून हा मुद्दा टाळत नाही. उलट खरा प्रश्न इथेच सुरू होतो. शाळा एक असूनही त्या मुलांना स्वतःची लाज कोणी शिकवली?

त्या काळातला पडदा पाहा. 1940 च्या 'फँटेशिया'त गोऱ्या अश्वकन्येचे खूर घासणारी काळी दासी होती. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'टॉम अँड जेरी'त काळी मोलकरीण होती, जिचे तोंड जवळजवळ कधीच दिसले नाही. 1941 साली वॉल्टर लँट्झ यांनी एका कार्टूनमध्ये कृष्णवर्णीयांचे अख्खे गाव आळशी म्हणून झोपलेले दाखवले. मुले हसत होती, आणि हसता हसता आपली पायरी कोणती ते शिकत होती. वर्चस्ववादी संस्कृतीला याहून स्वस्त शिक्षक कुठे मिळणार?

हे आपोआप थांबले नाही. एनएएसीपी या संघटनेने 1948 साली निषेध केला, तेव्हा लँट्झ यांचे ते कार्टून मागे घेतले गेले. 'फँटेशिया'तील दासी 1960 च्या दशकात कापली गेली. 1968 साली युनायटेड आर्टिस्ट्सने अकरा कार्टूनपटांचे प्रसारण बंद केले. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीत शिंदाना हा बाहुल्यांचा कारखाना उभा राहिला. आपल्या मुलींना आपल्या चेहऱ्याची बाहुली आपणच देऊ, हा त्यांचा बाणा होता. बाजाराची गती मात्र पाहा. बार्बी 1959 साली आली, तिच्या काळ्या मैत्रिणी पुढे आल्या, पण 'बार्बी' हे नाव काळ्या बाहुलीला मिळायला 1980 साल उजाडले.

आणि आपण? 1937 च्या डिस्नेपटातील नायिकेला मराठीने 'हिमगौरी' म्हटले. नावातच गोरेपण! सावळ्या लेकीला ती गोष्ट सांगताना आपल्याला काही खटकले का?

न्यायालय शाळेचे दार उघडू शकते. मुलाच्या मनात बसलेला न्यूनगंड काढण्याचा हुकूम कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. ते काम घरातच करावे लागेल. म्हणून आमची पालकांना विनंती आहे, कार्टून बंद करू नका. मुलांशेजारी बसा आणि विचारा: यात राबतो कोण? हसे कोणाचे होते? सुंदर कोणाला म्हटले आहे? हे प्रश्न विचारायला शिकलेले मूल उद्या कोणापुढेही मान खाली घालणार नाही.