पाहुण्याची खोली, मालकाचा डोळा

अल्प मुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांच्या अंतर्भागात कॅमेरे ठेवण्यास ‘एअरबीएनबी’ने ३० एप्रिल २०२४ पासून जगभर बंदी केली, हे योग्यच झाले. मालकाला मालमत्तेची काळजी असते हे खरे; परंतु त्यासाठी फाटकावरचा, आगाऊ सांगून बसविलेला कॅमेरा पुरेसा आहे. भाडे भरणाऱ्याचे तेवढ्या दिवसांपुरते ते घरच होय. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीच दिला आहे. तथापि कंपनीचा नियम तिच्या यादीबाहेरील बंगल्यांना बांधीत नाही. गोव्यात अशा घरांना १९८२ च्या कायद्यान्वये नोंदणी सक्तीची आहे. ‘आत कॅमेरा नसावा’ ही अट त्या नोंदणीतच का असू नये? पाहुण्याची अब्रू कंपनीच्या मर्जीवर सोपविणे सरकारला शोभत नाही.