चंडीगडचा बंद चौक

सिमला-मनालीच्या सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या वाट्याला चंडीगड येते ते जेमतेम अर्धा दिवस. रॉक गार्डन, रोझ गार्डन, सुखना तलावावर बोटिंग, की लगेच बस डोंगराच्या रस्त्याला लागते. जे पाहायला जगभरचे वास्तुविशारद या शहरात येतात, ते ल कॉर्बुझिए यांनी आखलेले विधानसभा, सचिवालय आणि हायकोर्टाचे कॅपिटल कॉम्प्लेक्स या यादीत सहसा नसते. खरे तर ते रॉक गार्डनच्या शेजारीच, त्याच सेक्टर १ मध्ये आहे आणि २०१६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जाही दिला आहे. मग लोक तिकडे का फिरकत नाहीत, यावर जाणकारांचे उत्तर ठरलेले असते: सामान्य माणसाला काँक्रीटमधले काय कळणार? हे उत्तर उद्धट तर आहेच, पण चुकीचेही आहे. लोक रॉक गार्डनमध्ये जातात कारण तिथे मनासारखे भटकता येते. कॅपिटलच्या चौकात ती मुभाच नाही.

रॉक गार्डन उभे करणारे नेक चंद फाळणीत गाव सोडून आलेले, सरकारी बांधकाम खात्यातले रोड इन्स्पेक्टर. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सरकारी जंगलात, कुणाला पत्ता लागू न देता, मूर्ती घडवायला सुरुवात केली. फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे, चिनीमातीचे विजेचे सामान, जे हाती लागेल ते त्यांनी वापरले. त्यातला बराच माल नव्या राजधानीसाठी उठवलेल्या गावांच्या ढिगाऱ्यातला होता. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रकार उघडकीस आला. नियमाप्रमाणे ते सगळे पाडायला हवे होते. प्रशासनाने शहाणपणा दाखवला आणि १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली केली. पुढे १९९०च्या सुमारास रस्त्यासाठी बुलडोझर आले, तेव्हा नागरिकच हातात हात घालून आडवे उभे राहिले. अर्थात तो शहाणपणा टिकला असे म्हणवत नाही, कारण २०२५ मध्ये हायकोर्टाजवळचा रस्ता रुंद करण्यासाठी आणि पार्किंगसाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडलाच. तरी आतल्या चिंचोळ्या वाटा, वाकून जावे लागते अशा कमानी, वळणापलीकडे एकदम समोर येणारा धबधबा यांसाठी आजही गाइडची गरज पडत नाही. गंमत अशी की, राजधानी बांधताना जे मोडले ते पाहून पर्यटक परततो आणि ज्याच्यासाठी मोडले ते पाहायचे राहूनच जाते.

कॉर्बुझिए यांच्या मनातला कॅपिटलचा चौक असा बंद नव्हता. विधानसभा आणि हायकोर्ट यांच्यामधली सगळी मोकळी जागा पायी चालणाऱ्यांना मिळावी म्हणून त्यांनी मोटारींचे रस्ते खालच्या पातळीवर उतरवले. वाऱ्याबरोबर फिरणारा, २६ मीटर उंचीचा ‘उघडा हात’ १९८५ मध्ये उभा राहिला. त्याच्या पायथ्याशी असलेला खोलगट चौक तर नागरिकांनी जमून चर्चा करावी यासाठीच आखलेला. आज तिथे ओळखपत्र दाखवून, ठरलेल्या वेळी, गाइडच्या मागोमाग जावे लागते. चौकात सावली नाही, मे महिन्यातल्या दुपारी तिथे चालणे ही शिक्षाच, हा आराखड्याचा दोष मान्य करायला हवा. पण उन्हाळा बाराही महिने नसतो, बंदोबस्त मात्र असतो.

तो बंदोबस्त अकारण नाही. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी याच सचिवालयाबाहेर झालेल्या स्फोटात पंजाबचे मुख्यमंत्री बेअंत सिंग मारले गेले. तेव्हा सुरक्षेचा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. पण इमारतीच्या दारावरची तपासणी वेगळी आणि चौकच बंद करणे वेगळे. मुंबईने २००८चा हल्ला सोसला. तरी हायकोर्टासमोरच्या ओव्हल मैदानावर क्रिकेट चालूच आहे आणि तो परिसरही २०१८पासून जागतिक वारसा आहे. वारसा असा मोकळा ठेवणे इतरत्रही जमते: मलेशियातल्या पेनांगच्या जॉर्ज टाउनमध्ये चिनी, मलय, तमिळ वस्त्यांची देवळे-मशिदी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिथे रस्त्यातून रमतगमत फिरणे हेच पर्यटन.

शनिवार-रविवारी कचेऱ्या बंद असतात, हायकोर्टही सहसा भरत नाही. निदान त्या दोन दिवशी, इमारतींना कुलूप ठेवून, चौक मोकळा करायला काय हरकत आहे? अडचण आहे ती मालकीची: पंजाब, हरियाणा आणि केंद्रशासित प्रशासन यांचे एकमत झाल्याशिवाय हे जमायचे नाही. त्यांनी थंडीतल्या रविवारांपासून सुरुवात करावी आणि रॉक गार्डनच्या बाजूने पायी येणाऱ्यांसाठी एक फाटक ठेवावे.