किट विकू नका, पसाऱ्याचा एक तास विका



"ताई, लहान मुलांसाठी सेन्सरी प्लेची किट घरी बनवून विकायची आहेत. भांडवल किती लागेल?" हा प्रश्न चॅनलवर सतत येतोय. विचारणाऱ्या बहुतेक जणी स्वतः आई आहेत. रीलमध्ये रंगीत तांदूळ, फेसाचे ढग, चिखलातले प्लॅस्टिकचे प्राणी बघितलेले असतात, आणि वाटतं, हे तर घरच्या घरी होईल. डबा भरायचा, लेबल लावायचं, कुरिअर करायचं.

माझं मत आधीच सांगते. कल्पना चांगली आहे, पण विकायची वस्तू चुकतेय. पालकांना डबा नको असतो. डब्यातलं सगळं त्यांच्या स्वयंपाकघरात असतंच. त्यांना नको असतो तो नंतरचा पसारा. सोफ्यावर हळद, बाथरूममध्ये चिखल, फरशीच्या फटीत तांदूळ. दिवसभर कामावरून दमून आलेली आई मुलाला "हात घाण करू नको" म्हणते, ती खेळाच्या विरोधात असते म्हणून नाही. आवरायला तिलाच लागतं म्हणून. तुम्ही घरी किट पाठवलंत, म्हणजे तिला आणखी एक काम पाठवलंत. पहिलं किट हौसेनं उघडलं जाईल. दुसरी ऑर्डर येणार नाही.

म्हणून डबा नाही, तास विका. शनिवारी सकाळी एक तास. मूल कोपरापर्यंत चिखलात, पालक शेजारी बसलेले, आणि आवरणार तुम्ही. पैसे मिळतात ते या शेवटच्या तीन शब्दांचे.

किट न विकण्याचं दुसरं कारण कायद्याचं आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं प्रमाणपत्र आणि आयएसआय मार्क सक्तीचा आहे. घरी मळलेला रंगीत गोळा डब्यात भरून 'खेळणं' म्हणून विकायला काढलात, की हा नियम तुमच्या दारात येऊन उभा राहतो. "सगळेच विकतात" हे उत्तर तपासणीच्या दिवशी चालत नाही. ज्यांना किटच विकायची आहेत त्यांनी आधी बीआयएसच्या कार्यालयात विचारून घ्यावं, मग लेबल छापावं. माझं स्वतःचं स्टेशनरी आणि खेळण्यांचं दुकान आहे. माल घेताना मी आधी मार्क बघते, मग मार्जिन.

आता हिशोब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला. सोसायटीचा हॉल किंवा बालवाडीची खोली दोन तासांसाठी ६०० रुपये. मदतीला एक मावशी, ४०० रुपये. हा झाला १,००० रुपयांचा ठरलेला खर्च, एक मूल येवो नाहीतर आठ. साहित्य, साबण, टॉवेल धुणं मिळून प्रत्येक मुलामागे ५० रुपये. फी ३०० रुपये. म्हणजे एका मुलामागे हातात उरतात २५०. चार मुलं आली की खर्च निघाला. पाचव्या मुलापासून कमाई. आठ मुलं आली तर १,००० रुपये तुमचे.

यात तुमची मेहनत धरा. तयारी, खेळ आणि आवराआवर मिळून चार तास जातात. तासाला २५० रुपये पडले. महिन्यात आठ सत्रं पूर्ण भरली तर ८,००० रुपये. नोकरी सोडण्याइतकं हे नाही, पण ज्यात पैसा अडकत नाही असा जोडधंदा नक्की आहे. माल पडून राहत नाही, परत येत नाही, कुरिअरमध्ये फुटत नाही. वाढवायचं असेल तर आठाची पंधरा मुलं करू नका. सत्रं वाढवा. आठवड्याच्या मधल्या दिवशी दोन बालवाड्यांशी बोला आणि तुमचा सगळा मांड तिथे घेऊन जा. तिथे हॉलभाडं वाचतं आणि मुलं आधीच जमलेली असतात.

"साहित्य कुठून आणू?" हा पुढचा प्रश्न. परदेशी रीलमधली यादी बाजूला ठेवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, आणि पुढे कोसबाडला, मुलांचं शिक्षण उभं केलं ते आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंवर. शिंपले, बिया, पानं, माती. महागडी साधनं परवडणारी नव्हती, आणि त्यांच्यावाचून काही अडलंही नाही. आपल्याकडे तर पसाऱ्याचं अख्खं कॅलेंडर तयार आहे. जून-जुलैमध्ये पावसाचं पाणी आणि चिखल. गणपतीआधी शाडूची माती. दिवाळीत किल्ला! माती कालवणं, विटा रचणं, वर आळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी शिंपडणं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कितीतरी मुलांना आज किल्ल्यासाठी जागाच मिळत नाही. ती जागा तुम्ही द्या. होळीला पळस, बीट आणि हळदीचे रंग. या चार गोष्टींवर तुमचं अर्धं वर्ष निघतं, आणि आजी-आजोबा स्वतःहून नातवंडाला घेऊन येतात.

बाकी दिवसांसाठी तीन गोष्टी सांगते. पहिली, शिजवलेला गोळा. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल, थोडा लिंबाचा रस. मंद आचेवर गोळा होईपर्यंत हलवा, गार झाल्यावर मळा. कच्ची कणीक देऊ नका. कच्च्या पिठात जंतू असू शकतात आणि मुलं ती खातातच. शिजवलेला गोळाही खारट असतो, तोही खाण्यासाठी नाही, त्यामुळे लक्ष हवंच. दुसरी, कॉर्नफ्लॉर. दोन वाट्या पिठाला एक वाटी पाणी. मुठीत दाबलं की घट्ट, सोडलं की ओघळतं. मुलं अर्धा तास हलत नाहीत. फक्त उरलेलं मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. परातीत वाळू द्या आणि कचऱ्यात टाका. शाडूलाही हाच नियम. हॉलचा पाइप एकदा तुंबला की पुढच्या महिन्यात हॉल मिळणार नाही. तिसरी, शिजवून गार केलेला साबुदाणा, बिटाच्या पाण्यात रंगवलेला. हाताला गुळगुळीत लागतो आणि दिसतो छान.

साबुदाणा मुद्दाम सांगितला, कारण त्याच्या जागी बाजारात पाण्यात फुगणारे रंगीत मणी मिळतात. दिसायला सुंदर, किमतीला स्वस्त. ते तुमच्या सत्रात अजिबात आणू नका. कोरडा मणी टाचणीच्या डोक्याएवढा असतो. मुलानं गिळला तर तो पोटात फुगतो आणि आतडं अडवू शकतो. साध्या एक्स-रेत तो सहसा दिसतही नाही. एका मण्यानं एखादं मूल ऑपरेशन टेबलवर जाऊ शकतं. तिथे तुमचा धंदा राहील की नाही हा प्रश्नसुद्धा छोटा आहे.

असेच आणखी काही नियम कागदावर लिहून भिंतीला लावा. वय तीन ते सहा. तीनच्या खालच्या मुलाला सुट्या बारीक वस्तू नाहीत. चणे, वाटाणे, राजमा नाहीत, कारण ते नाकात जातात आणि तिथे ओलाव्यानं फुगतात. थर्माकोलचे दाणे नाहीत. बोरॅक्स घातलेला स्लाइम नाही. बाजारातला होळीचा रंग नाही. पाण्याच्या टबाशी एक मोठं माणूस कायम, फोन खिशात. नोंदणी करतानाच कशाची ॲलर्जी आहे ते लिहून घ्या. आणि पालकांनी तिथेच थांबायचं. "मी भाजी घेऊन येते" चालणार नाही.

एक आक्षेप तुम्हाला हमखास ऐकू येईल: अन्नाशी खेळायचं? मला हा आक्षेप मान्य आहे. ज्या घरात ताटात शीत टाकलेलं चालत नाही, त्या घरातल्या आजीसमोर पाच किलो तांदूळ रंगवून फेकायचे, हे बरं दिसत नाही. माती, पाणी, पानं, वाळू यांवर भर ठेवा. पीठ वापरलंत तर थोडं वापरा. शिजवलेला गोळा झाकून फ्रिजमध्ये ठेवला तर घरच्या सरावासाठी काही दिवस पुरतो. सत्रात मात्र प्रत्येक गटाला ताजा द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जाहिरातीत काय लिहिणार? "मेंदूचा विकास ३ पट", "बुद्ध्यांक वाढवा" असलं काही लिहू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला, एवढं सांगितलंत तरी पुरे. मूल दाबतं, ओततं, पिळतं, चिमटीत धरतं, तेव्हा बोटांना वळण लागतं. पुढे पेन्सिल धरायला हीच बोटं लागणार आहेत. खरं आहे तेवढंच विका.

काही पालक येऊन हळूच विचारतील, "आमचा उशिरा बोलतोय, या खेळानं फरक पडेल का?" इथे तुमची परीक्षा आहे. त्या क्षणी "हो, दहा सत्रांचं पॅकेज घ्या" म्हणणं सगळ्यात सोपं असतं, आणि समोरचा माणूस पैसे देईलही. म्हणू नका. तुम्ही थेरपिस्ट नाही. "मूल खेळायला जरूर आणा, पण बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा" असं सांगा. तुमच्या पॅकेजमध्ये त्या मुलाचे सहा महिने गेले, तर ते परत देता येत नाहीत.

आणि एखादं मूल चिखलाला हातच लावणार नाही. पालक ओशाळतात, मनगट धरून हात आत घालायला लावतात. तुम्ही थांबवा. चमचा द्या, ब्रश द्या, नुसतं शेजारी बसू द्या. बघणं हाही खेळच आहे. तिसऱ्या खेपेला एक बोट जाईल. न गेलं तरी बिघडत नाही. फोटोही पालकांना विचारूनच टाका, आणि रडणाऱ्या मुलाचा तर टाकूच नका.

शेवटी मावशींबद्दल. या धंद्याचा कणा त्या आहेत, कारण तुम्ही विकताय तीच गोष्ट त्यांच्या हातून होते. ४०० रुपयांत घासाघीस करून ३०० करू नका. हातमोजे द्या, चहा द्या, महिन्याची सत्रं आधी कळवा. सत्र संपून अर्ध्या तासात हॉल जसा होता तसा दिसला, तर पुढच्या शनिवारचं बुकिंग पालक दारातच करतात.

तर या आठवड्याचं काम: एकही किट बनवू नका. ओळखीतली चार मुलं, एक गच्ची किंवा अंगण, एक परात शाडू, दोन बादल्या पाणी. एक तास खेळू द्या आणि मग घड्याळ लावून आवरा. आवरायला किती वेळ लागला, तो मिनिटांचा आकडा कमेंटमध्ये लिहा. फी किती ठेवायची, हे त्या आकड्यावरून आपण ठरवू.