आशाताई येऊन गेली का?

बाळंतपण दवाखान्यात झाले की आपण निश्चिंत होतो. पण नवजात बाळाला सर्वांत मोठा धोका पहिल्या आठवड्यातच असतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी घेतली आणि मृत्यू निम्म्याहून अधिक घटवले. २०११ पासून देशभर हेच काम आशाताईंकडे आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पाहायला तिने ४२ दिवसांत सहा वेळा घरी यायचे असते.

सव्वा महिना म्हणा की चिल्ला, आपली बाळंतीण घरातच असते. म्हणूनच चोपडा-शिरपूरच्या पाड्यांत आणि धुळे-जळगावच्या मोहल्ल्यांत या भेटी मोलाच्या आहेत. मी सॉफ्टवेअरच्या कामातला माणूस आहे. भरलेला रकाना म्हणजे झालेली भेट नव्हे, हे मला पक्के ठाऊक आहे. खातरजमा शेजाऱ्यांनीच करायची.

या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येक बाळंतिणीला विचारा, आशाताई येऊन गेली का? आली नसेल तर आरोग्य केंद्रात जाऊन सांगा. आणि बाळ दूध ओढत नसेल, अंग गार लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.