गाडी खोक्यांत आहे

आमच्या घरी मोटार आहे, हे मी लहानपणापासून मोठ्या ऐटीत सांगत आलो. ती कुठं आहे असं कुणी विचारलं, की मात्र पंचाईत व्हायची. कारण ती वर्ध्याच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत, चौदा खोक्यांत आणि सहा डालड्याच्या डब्यांत भरलेली होती.

गाडी मॉरिस एट. चार सिलिंडरांची, 918 सीसीची. आजोबा डॉक्टर; खेडोपाडी जायला त्यांनी ती 1947 साली घेतली. 1978च्या उन्हाळ्यात अण्णांनी ‘जरा साफ करू’ म्हणून ती खोलली. “दिवाळीपर्यंत जोडून टाकू,” म्हणाले. कुठली दिवाळी, ते सांगितलं नाही. अशा तीसेक दिवाळ्या गेल्या. मग अण्णाही गेले.

खरं म्हणजे वर्ध्याला अशा गाडीचं नवल वाटू नये. पूर्वी जमनालालजी बजाजांच्या फोर्ड मोटारीला बैल जोडत आणि थट्टेनं तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. अण्णांना ही गोष्ट फार प्रिय. सौ. म्हणायची, “त्यांची निदान चालत तरी होती!”

यंदा खोली गळू लागली. भंगारवाला काटा घेऊनच आला. तेवढ्यात पुण्याहून चिरंजीवांचा फोन : “बाबा, किलोवर विकू नका. अशा गाड्या लोक हौसेनं घेतात आणि पुन्हा उभ्या करतात.” त्यानंच सांगितलं, की 2021 सालापासून सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी ठेवली आहे. वीस हजार रुपये फी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं आणि मुदत दहा वर्षं. रोज भाजीला न्यायची नाही, प्रदर्शनात मिरवायची. अट एवढीच, की गाडी मूळ रूपात हवी.

ही अट ऐकून मी गप्प झालो. कारण अण्णांनी प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधली होती, आणि इंजिनावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘मूळ ब्लॉक तडकला. दुसऱ्या मॉरिसचं इंजिन बसवलं, 1964.’ नोंदणीच्या पुस्तकातला इंजिनाचा नंबर तर वाळवीनं खाल्लेला. मेहुणे म्हणाले, “आपण होऊन कशाला सांगता? विचारलं तर बघू.” मी चिठ्ठी सोडवून खिशात घातली.

नागपूरहून एक तरुण गिऱ्हाईक आलं. अंगणात सतरंज्या अंथरून मी सारं मांडलं होतं. एका बाजूला मडगार्ड, एका बाजूला पिस्टन. जे सापडत नव्हतं त्याची यादी वेगळी. त्यानं आधी चॅसिसचा नंबर पुस्तकाशी ताडला. तो जुळला. मग दोन तास उकिडवा बसून एकेक भाग पाहिला आणि आकडा सांगितला. आकडा चांगला होता. मेहुण्यांनी मला डोळा घातला.

पण तो पोरगा अण्णांच्या पिस्टनवरची धूळ स्वतःच्या रुमालानं पुसत होता. मला राहवलं नाही. मी चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “काका, चौथाई किंमत उतरेल.”

“उतरू दे.”

“आणि अशा सगळ्या चिठ्ठ्या मला हव्यात. त्यांच्याशिवाय गाडी जोडली जायची नाही.”

हे मात्र जड गेलं. चिठ्ठ्या मी ठेवून घेणार होतो. अण्णांचं अक्षर आता दुसरीकडे कुठं आहे? सौ. पाठीमागून हळूच म्हणाली, “अहो, द्या. त्यांनी त्या जोडण्यासाठीच लिहिल्या होत्या.”

दिल्या. टेम्पो गेला, खोली रिकामी झाली. एक चिठ्ठी मात्र मी चोरली. ती एका नटाला बांधलेली आहे : ‘हा कुठला, आठवत नाही. दिवाळीपर्यंत आठवेल.’

नट माझ्या टेबलावर आहे. त्या पोराला तसला दुसरा बाजारात मिळेल.